स्टेअरिंग लूज? बॉक्सच्या स्क्रूला हात शेवटी लावा

जुना ट्रक आला, ड्रायव्हर म्हणाला ‘स्टेअरिंग लूज आहे’, की गॅरेजमध्ये नव्याने लागलेल्या पोराचा पाना सरळ स्टेअरिंग बॉक्सच्या ॲडजस्टिंग स्क्रूकडे जातो. स्क्रू आवळला की खेळ, म्हणजे चाकं न हलता स्टेअरिंग रिकामं फिरणं, कमी झाल्यासारखा वाटतो. मग काही दिवसांत तीच गाडी ‘वळणानंतर स्टेअरिंग सरळ येत नाही’ म्हणून दारात उभी राहते. टाटा 407, 709, 1109, 1613 किंवा लेलँडच्या जुन्या गाड्यांना पुढे अखंड बीमचा ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. चाकापासून स्टेअरिंगपर्यंत बेअरिंग, किंगपिन (जिच्यावर चाक डावं-उजवं वळतं ती उभी पिन), टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारी दांडी), ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी), ड्रॉप आर्म (बॉक्सला लावलेला हात), बॉक्स (स्टेअरिंगचे गिअर असलेली पेटी), कॉलमचा क्रॉस (स्टेअरिंगच्या दांड्यातला सांधा) असे सांधे येतात. प्रत्येकात थोडी झीज असते आणि हाताला त्या सगळ्यांची बेरीज लागते. म्हणून तपासणी खालून वर करत जायची.

आधी खेळ मोजा. चाकं सरळ ठेवा, स्टेअरिंगच्या कडेवर खडूची खूण करा आणि पुढची चाकं हलायला लागेपर्यंत दोन्ही बाजूंना फिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 98 सांगतो की हा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर (गोळीच्या सांध्यांवर) रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. 50 सेंमी व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर 30 अंश म्हणजे सुमारे 13 सेंमी. ही पासिंगची मर्यादा झाली. चांगल्या दुरुस्तीनंतर याच्या बराच आत खेळ यायला हवा.

मग गाडी जमिनीवर, वजन चाकांवरच ठेवून एकाला केबिनमध्ये बसवा. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला आणि चाकांना ठोकळे. तो स्टेअरिंग छोट्या झटक्यांनी डावं-उजवं हलवेल. तुम्ही खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवत जा. डोळ्याला न दिसणारा खेळ हाताला टकटक लागतो. बॉक्स चॅसिसला धरणारे बोल्टही याच वेळी बघा. ते सैल असले तर अख्खा बॉक्स हलतो आणि बाहेरून सगळं ‘बॉक्स गेला’ असंच वाटतं. सांध्याभोवती तांबूस भुकटी दिसली तर तिथे धातूवर धातू घासतोय.

आता ॲक्सल जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नको. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर हब बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर किंगपिन. ही एक युक्ती पाठ असली तर बेअरिंगचा नट आवळायचा होता तिथे किंगपिनचं काम निघत नाही. बेअरिंगला हब फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे घेऊन लॉक करायचा. डायल गेज असेल तर खेळ 0.025 ते 0.125 मिमीच्या दरम्यान हवा. चाक डावं-उजवं धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉडचे एंड बघा.

किंगपिनचं काम एका बाजूचं करू नये. किटमध्ये दोन्ही बाजूंच्या पिना, बुश, थ्रस्ट बेअरिंग, लॉक पिना आणि शिम (खेळ भरून काढायच्या पातळ चकत्या) येतात. लॉक पिन उताराची, म्हणजे एका टोकाला बारीक असते, एकाच बाजूने निघते; उलट ठोकली तर बीममध्येच फुगून बसते. किंगपिन अडकली असेल तर तेल सोडून ठेवा आणि प्रेस लावा. बीम गॅसने लालबुंद करू नका, कारण तो फोर्ज करून उष्णतेने कणखर केलेला असतो आणि तापवला की ती ताकद जाते. टणक पिनवर थेट घण घातला तर तुकडा उडून डोळ्यात जातो, म्हणून मध्ये पितळी रॉड धरा.

पिन निघाली की नवी पिन आधी बीमच्या भोकात घालून बघा. तिथेच सैल बसत असेल तर नवे बुश टाकून फरक पडणार नाही. ते भोक बोअर करून स्लीव्ह टाकावी लागेल किंवा बीमच बदलावा लागेल. हे मालकाला काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर बिलावरून वाद ठरलेला. बुश दाबताना त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या समोर आलंच पाहिजे. न आलं तर ग्रीस कितीही मारा, पिनपर्यंत पोचत नाही. दाबल्यावर बुश आत आकसतो, म्हणून वरचा-खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक मापात कापायच्या हत्याराने) एका रेषेत रीम करावा लागतो. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी अडकते आणि स्टेअरिंग जड होतं. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी. आपोआप पडता कामा नये, हातोडाही लागता कामा नये. थ्रस्ट बेअरिंगच्या झाकणीची बाजू वर ठेवा, म्हणजे माती आत जात नाही. उभा खेळ फीलर गेजने बघून शिम टाका, आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. शिम जास्त झाली तर स्टब ॲक्सल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) हाताने फिरत नाही.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल तर बदलायचाच. वेल्डिंगचा टाका मारून किंवा पत्रा कोंबून खेळ घालवायची जी पद्धत कुठेकुठे दिसते, तिच्यामुळे माणसं मरतात. कॅसल नटची (वर खाचा असलेल्या नटची) खाच फाटा पिनच्या भोकासमोर येत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका.

पाट्यांकडे ‘लूज स्टेअरिंग’च्या तक्रारीत फारसं कुणी बघत नाही. सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले पडले की ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी धावते. दोन्ही बाजूंना स्प्रिंग पिनपासून ॲक्सलपर्यंत मापं घेऊन ती जुळतात का बघा. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसिसला धरणाऱ्या कडीचे) बुश घासलेले असतील तर ब्रेक मारताना ओढ बदलते. पाटे सोडण्याआधी ॲक्सल आणि पाट्यामधल्या पाचरीवर खूण करा. जाड बाजू मागे असली की किंगपिनचा माथा मागे कलतो आणि स्टेअरिंग स्वतः सरळ येतं. पाचर उलटी बसली तर गाडी भरकटते आणि दोष पुन्हा बॉक्सवर जातो. यू बोल्ट नवे घ्या, आडवे-तिडवे आवळा, पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळा.

एवढं सगळं ठीक असूनही खेळ उरला तर बॉक्स. ड्रॅग लिंक सोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवून फेरे मोजा आणि बरोबर मध्यावर आणा. बॉक्स मध्यावर मुद्दाम घट्ट बनवलेला असतो, कारण तिथेच तो सर्वांत जास्त झिजतो. कडेच्या जागी ॲडजस्ट केला तर मध्यावर अडकतो. लॉक नट ढिला करा, स्क्रू थोडा-थोडा आत घ्या, खेळ जाताच थांबा. स्क्रू पेचकसाने धरूनच लॉक नट आवळा. मग संपूर्ण फेरा फिरवून कुठे अडतं का बघा. ड्रॉप आर्म काढायचा असेल तर आधी आर्म आणि शाफ्टच्या खाचांवर खूण करा आणि काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा.

टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं, सगळ्यात शेवटी. दोन्ही टायरच्या मध्यावर खूण करून मागचं अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजा. फरक पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. टाय रॉडला एका बाजूला उलटे आटे असतात, म्हणून तो न सोडता नुसता फिरवून ॲडजस्ट होतो. एंडचे आटे पाइपच्या चिरेच्या पुढपर्यंत आत गेलेत ना, हे बघूनच क्लॅम्प आवळा.