सूत, चिठ्ठ्या आणि टाळ्या : वर्गात सोशल मीडिया शिकवण्याचे काही प्रयोग

सोशल मीडियाचा विषय निघाला की आपण शिक्षक लगेच सल्ले द्यायला लागतो. मोबाईल कमी बघा, अनोळखी माणसाशी बोलू नका, खोटं काही पुढे पाठवू नका. मुलं माना डोलावतात आणि शाळा सुटल्यावर रिक्षात बसल्या बसल्या रील सुरू होतात. सल्ला बरोबरच असतो. पण ज्या जाळ्यात ती उभी आहेत ते जाळं त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलेलं नसतं. ते दाखवायला फोन लागत नाही, नेट लागत नाही, संगणक कक्षाची किल्लीही मागावी लागत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका मराठी शाळेत नववीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी, बाकीच्यांची मराठी. पुष्कळांच्या घरचं कुणी ना कुणी यंत्रमागावर, विडीच्या कामावर नाहीतर गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे. त्यामुळे सामानाची अडचण येत नाही. उरलेलं रंगीत सूत मुलंच आणतात. बाकी लागतात चिठ्ठ्या, खडू, टिकल्यांची दोन पाकिटं आणि जुने लिफाफे.

सुताचं जाळं

सुरुवात याच प्रयोगाने करा आणि त्याला वेळ द्या. जोडून दोन तास मिळाले तर उत्तम.

आदल्या दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. प्रश्न एकच : तू गैरहजर राहिलास तर गृहपाठ कुणाला विचारतोस? वर्गातली दोन नावं लिहायची. ‘तुझा जवळचा मित्र कोण’ असं कधीही विचारू नका. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांमध्ये, शेजारी कुणी बसावंसं वाटतं असं मुलांना विचारून कोण कुणाशी जोडलेलं आहे याचे नकाशे काढले होते आणि त्यातून माणसांच्या जाळ्यांच्या अभ्यासाचा मोठा पाया घातला गेला. पण तो अभ्यासकाच्या टेबलावरचा कागद होता. आपण तेच चित्र चाळीस मुलांसमोर उघडं करणार आहोत. ज्याचं नाव कुणीच लिहिलेलं नाही, त्या मुलाला ते सगळ्यांदेखत कळणं ही फार क्रूर गोष्ट आहे. गृहपाठाचा प्रश्न कामाचा असतो, मनाला लागत नाही.

चिठ्ठ्या घरी नेऊन आधी स्वतः वाचा. दुसऱ्या दिवशी वीसेक मुलांचा गोल करा. बाकीच्यांना बाकावर उभं करून वरून बघू द्या, मग अदलाबदल. गोलात असलेल्यांपैकी ज्याने ज्याचं नाव लिहिलं, त्या दोघांच्या हातात सुताचं एकेक टोक. सुताला बाण नसतो, म्हणून कुणी कुणाचं नाव लिहिलं हे बाहेरून ओळखू येत नाही. प्रत्येकाच्या हातात निदान दोन धागे येतील असेच गोल आधी जुळवून ठेवा. तरी कुणाच्या हातात कमी येणार असं दिसलं, तर ‘शाळेत येताना वाटेत कोण भेटतं’ हा दुसरा प्रश्न सगळ्यांनाच विचारून त्याचेही धागे याच गोलात मिसळा.

धागे ताणले की वर्ग आपोआप गप्प होतो, कारण सगळे बघत असतात. आता बोलायचं. कुठे धागे दाट आहेत? माझ्या वर्गात मला वाटलं होतं की झुबके घरच्या भाषेप्रमाणे पडतील. तसे फार पडत नाहीत. एकाच रिक्षातून येणारी, एकाच ट्यूशनला जाणारी मुलं एका झुबक्यात दिसतात, मग घरी भाषा कुठलीही असो. हे मुलांनाही नवीन असतं.

मग पूल शोधायला सांगा, म्हणजे दोन झुबक्यांना जोडणारं मूल. मागच्या वर्गात एक मुलगी होती, तिसऱ्या बाकावरची, कमी बोलणारी. राहायला अशोक चौकाकडे, ट्यूशनला मात्र सात रस्त्याला, कारण तिची मावशी तिथे शिकवते. गोलात तिच्या हातात तीनच धागे होते. शेजारच्या मुलाच्या हातात आठ. मी त्याला धागे सोडायला सांगितले. जाळं सैल झालं, पण तुटलं नाही. त्याचे धागे परत दिले आणि तिला सोडायला सांगितलं. दोन झुबके सरळ वेगळे झाले, मधे एकही धागा उरला नाही. बाकावरून एकजण ओरडला, “मॅडम, ती नसली तर ह्यांचं तिकडं कायच जात नाही की!” ती मुलगी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. आपण पूल आहोत हे तिला आतून कळण्याचा काही मार्गच नव्हता. ते वर उभं राहूनच दिसतं.

पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

धागे हातात असतानाच एक हिशेब करून घ्या. प्रत्येकाने आपले धागे मोजायचे, मग आपल्याला जोडलेल्या मुलांच्या धाग्यांची सरासरी काढायची. बहुतेकांना दिसतं की आपल्यापेक्षा आपल्या दोस्तांचे धागे जास्त. कारण फळ्यावर पाच ठिपक्यांनी समजवा. मधे एक, भोवती चार, चौघेही फक्त मधल्याला जोडलेले. मधल्याच्या ४ रेघा, बाकीच्यांची प्रत्येकी १. वर्गाची सरासरी ८ भागिले ५, म्हणजे १.६. आता दोस्तांच्या रेघा बघा : चौघांपैकी प्रत्येकाच्या दोस्ताला ४ रेघा, मधल्याच्या दोस्तांची सरासरी १. एकूण १७ भागिले ५, म्हणजे ३.४. ज्याचे धागे जास्त, तो जास्त लोकांच्या मोजणीत येतो, एवढंच कारण आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली हे मांडलं. इन्स्टाग्रामवर ‘सगळ्यांचे फॉलोअर माझ्यापेक्षा जास्त’ म्हणून मनातून झुरणाऱ्या मुलामुलींना हा हिशेब फार दिलासा देतो. नववीच्या वयात तो कुणीतरी सांगायलाच हवा.

टाळीवर चिठ्ठी

आता निरोप पसरवायचा. निरोप निरुपद्रवी आणि अशक्य असा निवडा : ‘सोमवारी शाळेत हत्ती येणार आहे.’ ‘शनिवारी सुट्टी’ असलं काही घेऊ नका. संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर पोचतं आणि मुख्याध्यापकांना फोन सुरू होतात.

नियम असा. एका मुलाला निरोपाची चिठ्ठी द्या. तुम्ही टाळी वाजवली की ज्याच्याकडे निरोप नुकताच आलाय त्याने तो दोघांना लिहून द्यायचा आणि खाली बसायचं. आधी फळ्यावर गणित मांडा : १, मग २ वाढले, ४, ८, १६. चौथ्या टाळीला ३१ जणांकडे निरोप, पाचव्या टाळीला चाळीसच्या वर्गात कुणी उरायला नको. मग खरंच करून बघा, फक्त आदल्या दिवशी ज्यांच्याशी धागा होता त्यांनाच चिठ्ठी द्यायची. पाच टाळ्यांत होत नाही. झुबक्यातली मुलं एकमेकांनाच तोच निरोप देत राहतात, काहींच्या हातात तीन-तीन चिठ्ठ्या जमतात आणि एक कोपरा कोराच राहतो. मग कधीतरी निरोप पुलावरच्या मुलाकडे जातो आणि पुढच्या टाळ्यांत तो कोपराही भरतो. तीन-तीन चिठ्ठ्यावाल्यांना जरूर विचारा : हे खरं असेल असं वाटायला लागलं का? एकाच ठिकाणाहून निघालेला निरोप तीन ओळखीच्यांकडून आला की तीन साक्षीदार असल्यासारखा वाटतो. घरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर नेमकं हेच होतं.

दुसऱ्या फेरीत नियम बदला : एकालाच द्यायचं. पाच टाळ्यांनंतर फार तर सहाजणांकडे निरोप. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली, ती जानेवारी २०१९मध्ये जगभर लागू केली आणि एप्रिल २०२०पासून खूपदा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मुलांना मर्यादा माहीत असते, ती का आली हे या फेरीत कळतं.

तिसरी फेरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिघांना गुपचूप सांगून ठेवा : तुमच्याकडे निरोप आला तर पुढे देऊ नका. आधी हे तिघे दाट झुबक्यातले निवडा. काहीच फरक पडत नाही, निरोप बाजूने निघून जातो. मग पुन्हा खेळा, यावेळी थांबणाऱ्यांत पुलावरचं मूल ठेवा. अर्धा वर्ग कोरडा राहतो. मुलं विचारतात, मग मी थांबून उपयोग आहे की नाही? उत्तर त्यांनाच काढू द्या. घरी हातात फोन घेऊन बसल्यावर आपण झुबक्यात आहोत की पुलावर, हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी थांबावं लागतं.

त्यानंतर मी राईनपाड्याबद्दल सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. एवढंच सांगायचं, शांतपणे. व्हिडिओ दाखवायचा नाही, मुलांनी शोधायलाही सांगायचं नाही. वर्गात भटक्या समाजातली मुलं असतील तर त्यांच्याशी आणि पालकांशी आधी बोलून घ्या. त्यांच्यासाठी ही दूरची बातमी नसते. ज्या मुलांनी नुकतंच हत्तीच्या निरोपावर हसत चिठ्ठ्या वाटल्या, त्यांना या घटनेचं वजन कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

लिफाफ्याचा प्रवास

हा आठवडाभर चालतो, तुम्हाला काम कमी. पंढरपूर किंवा बार्शीकडची एखादी ओळखीची मोठी व्यक्ती निवडा, तिची परवानगी घ्या. लिफाफ्यावर तिचं पहिलं नाव, गाव आणि काम एवढंच. पत्ता नाही, फोन नंबर नाही. मुलांनी लिफाफा घरच्या मोठ्यांना द्यायचा, त्यांनी त्या व्यक्तीच्या जवळ पोचेल अशा, स्वतः नावाने ओळखत असलेल्या माणसाला. आतल्या कागदावर प्रत्येकाने फक्त नातं लिहायचं : मामा, दुकानदार, नवऱ्याचे साहेब. पोचलेले लिफाफे त्या व्यक्तीने तुमच्याकडे पाठवायचे.

असा प्रयोग मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. पुढे १९६९च्या निबंधात जेफ्री ट्रॅव्हर्स आणि मिलग्रॅम यांनी दिलेले आकडे मुलांना जरूर सांगा : बॉस्टनजवळच्या एका माणसासाठी २९६ जणांकडे पत्रं दिली, ६४ पोचली, आणि पोचलेल्यांत मधली माणसं सरासरी पाचेक होती. ‘सहा पावलांत जग’ असं जे सगळीकडे ऐकू येतं, ते पोचलेल्या पत्रांवरून. बाकीची पोचलीच नाहीत, हे कुणी सांगत नाही. तुमचेही बरेच लिफाफे अडकतील. कुठे अडकले त्याची यादी करा, ती पोचलेल्यांइतकीच बोलते.

याला जोडून घरचा अभ्यास द्या : घरातल्या कमावत्या माणसाला विचारा, हे काम आहे असं तुम्हाला कुणाकडून कळलं? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३चा निबंध हेच सांगतो की नोकरीची बातमी पुष्कळदा जिवलगाकडून येत नाही, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून येते, कारण जिवलगांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. एका मुलाच्या आईला शिवणकाम मिळालं ते बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईकडून. त्याने हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा बसमधल्या त्या ओळखीचा सुतातल्या पुलाशी संबंध मुलांनी स्वतःच लावला.

टिकल्या आणि चादरी

हा झटपट होतो. चौकटीच्या कागदावर बारा वेगवेगळ्या नक्ष्या काढा, सोलापुरी चादरीवर असतात तशा. मुलांनी काढलेली चित्रं घेऊ नका, कुणाचं तरी मन दुखतं. दोन खोल्यांत त्याच बारा नक्ष्या लावा, वर्गाचे दोन भाग करा. एकेकाने जाऊन आवडलेल्या दोन नक्ष्यांखाली टिकली लावायची. आधीच्यांच्या टिकल्या दिसू द्यायच्या. पाच-सहा मुलं झाली की जास्त टिकल्यांच्या नक्ष्या वर सरकवा, हेच दर थोड्या वेळाने. शेवटी दोन खोल्यांतल्या वरच्या तीन नक्ष्या शेजारी ठेवून बघा. बऱ्याचदा जुळत नाहीत. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४ हजारांहून जास्त लोकांना घेऊन गाण्यांवर हाच प्रयोग केला होता. वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर गेली. रीलला लाखो लाईक आहेत म्हणजे ती चांगलीच असणार, या समजुतीला इथे पहिला तडा जातो.

थोडं व्यवस्थेचं. पालकसभेत आधी कल्पना द्या. फोन वापरणार नाही आणि नंबर घेणार नाही हे स्पष्ट सांगा. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून हेच प्रयोग सहावी-सातवीला घेताना मुलांना ‘तुझं खातं आहे का’ असं वर्गात विचारू नका, उगीच खोटं बोलायची वेळ येते. नावांच्या चिठ्ठ्या प्रयोग संपल्या दिवशीच मुलांसमोर फाडा, शिक्षकांच्या खोलीत पडू देऊ नका. सूत गुंडाळून ठेवलं तर पुढच्या तुकडीला चालतं. पहिल्यांदाच घेणार असाल आणि एकच तास हातात असेल तर टाळीची पहिली आणि तिसरी फेरी घ्या. थांबणारी मुलं मात्र आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्या बघून निवडा, नाहीतर फरक दिसणार नाही.