टाकीचे लिटर आणि मीटरचे घनमीटर : या चुका टाळा

गोव्यात पाण्याचे बिल घनमीटरमध्ये येते, टँकर मात्र लिटरमध्ये मागवला जातो. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, हे शाळेत सगळेच शिकतात. गडबड होते ती पुढच्या हिशेबात.

सर्वांत जास्त घोळ टाकी मोजताना होतो. समजा, जमिनीखालची टाकी आतून २ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, १.२ मीटर खोल आहे. गुणाकार ३.६ घनमीटर, म्हणजे ३,६०० लिटर. हीच मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर ३६ लाख येते, आणि मीटरमध्ये १०० सेंटिमीटर म्हणून लोक त्याला १०० ने भागतात. इथे लांबी, रुंदी, खोली तिन्हींना भागायचे असते. म्हणून घनमीटरसाठी १० लाखांनी भागा, लिटरसाठी १,००० ने. त्यापेक्षा मापे आधीच मीटरमध्ये लिहून घ्या, शून्ये मोजत बसावे लागणार नाही.

टेप बाहेरून लावू नका. भिंती १५ सेंटिमीटर जाडीच्या असतील तर हीच टाकी जवळजवळ ५,००० लिटरची वाटेल. उंचीही वरच्या स्लॅबपर्यंत धरू नका. ओव्हरफ्लोचा पाइप २० सेंटिमीटर खाली असेल तर पाणी मावेल ३,००० लिटरच. टँकर मागवण्याआधी हे बघाच, नाहीतर विकतचे पाणी अंगणात वाहून जाईल.

गोल टाकीत व्यासाचा वर्ग केला की उत्तर चौपट येते. तिथे त्रिज्या घ्या. मापे फुटांत असतील तर १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर.

मीटर वाचताना साधारणपणे काळे आकडे घनमीटरचे, तर लाल आकडे त्याखालच्या लिटरचे असतात. सगळे सलग वाचले की वापर भलताच फुगतो. गोव्यात २०२१ मध्ये महिन्याला १६,००० लिटरपर्यंत मोफत पाण्याची घोषणा झाली होती. तेवढ्या पाण्याला काळे आकडे फक्त १६ ने पुढे सरकतात. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर चौघांच्या घराला ३० दिवसांत १६.२ घनमीटर लागतात. तुमचे उत्तर १.६ किंवा १६२ आले, तर आधी दशांशचिन्ह तपासा. ते बरोबर असेल, तर रात्री सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का ते पाहा. फिरत असेल, तर पाइप कुठेतरी गळतो आहे.