टॅब चुकून बंद झाला? मग या चुका टाळा, आणि आधी माऊसवरचा हात काढा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, आणि जून-जुलैत ॲडमिशनवाल्या पोरांची झुंबड. दिवसातनं एकदा तरी कोण ना कोण बोंबलतंयच, "मामा, टॅब गेला!" अरे टॅब कुठं जात नाही, बंद झाल्यावर तुम्ही जे उद्योग करता त्यानं जातोय.

करायचं एवढंच, कंट्रोल शिफ्ट टी. क्रोम, फायरफॉक्स, एज सगळीकडं चालतंय, मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. एकदा दाबलं की शेवटचा बंद झालेला टॅब, परत दाबलं की त्याच्या आधीचा. बटणं ध्यानात राहत नसतील तर वर टॅबच्या पट्टीवर मोकळ्या जागेत राइट क्लिक करा, तिथं ऑप्शन आहे.

आता माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक, घाबरून "क्लिअर" मारणं, म्हणजे ब्राउझरनं साठवलेलं सगळं पुसणं. गेल्या जुलैत एक पोरगं इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मसाठी कॉलेजांचे कटऑफ काढत बसलेलं, पस्तीस-चाळीस टॅब उघडे. कंट्रोल एस मारायला गेलं आणि बोट वरच्या डब्ल्यूवर पडलं, एक टॅब बंद. एकच! मी झेरॉक्सच्या गर्दीत अडकलेलो, म्हणून यानं दोस्ताला फोन लावला. दोस्त म्हणाला ब्राउझर बंद करून चालू कर, यानं केलं, समोर कोरं पान. तेव्हासुद्धा काय बिघडलं नव्हतं, कंट्रोल शिफ्ट टीनं अख्खी विंडो आली असती. पण दोस्त लई हुशार, म्हणाला कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेला पसारा, क्लिअर कर. पोरानं ऑल टाइम निवडलं, दिसेल तिथं टिक केली, ओके. मी येईपर्यंत हिस्ट्री साफ, बंद टॅबची यादी साफ, आणि स्वतःच्या अकाउंटला सिंक चालू होतं, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोबाइलची हिस्ट्री जोडलेली, त्यामुळं मोबाइलमधली हिस्ट्रीपण गेली.

मग काय, डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं, फाइली तिथं राहतात, क्लिअर मारलं तरी यादी फक्त पुसली जाते, त्यात अकरा पीडीएफ मिळाल्या. त्याच्या गुगल अकाउंटमधल्या माय ॲक्टिव्हिटीत काय काय सर्च केलेलं ते दिसत होतं, ते वेगळं साठतंय म्हणून वाचलं. त्यावरनं एकेक कॉलेज परत शोधलं. रात्रीचे साडेदहा वाजले, घरनं तीन फोन आले, वडील बाहेर गाडीवर बसून. एका बटणाचं काम होतं राव.

दुसरी चूक जरा चिवट आहे आणि ही मी स्वतः केलीय. सेटिंगमध्ये "जिथं सोडलं तिथून सुरू" लावलंय म्हणून लोक बिनधास्त असतात. पण दोन विंडो उघड्या असतात, मोठीत सगळं काम आणि मागं कुठंतरी पेमेंटची बारकी विंडो लपलेली. तुम्ही आधी मोठी बंद करता, बारकी नंतर दिसली की ती, आणि घरी जाता. सकाळी उघडलं की येते फक्त बारकी, कारण शेवटी तीच उघडी होती. तेव्हा शांतपणे हिस्ट्रीच्या मेनूत बघायचं, अलीकडं बंद केलेल्यांत मोठी विंडो टॅबच्या आकड्यासकट दिसती. आता मी रोज शटर ओढायच्या आधी कंट्रोल शिफ्ट डी मारतो, सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरात, नाव म्हणून तारीख. पद्धत वगैरे काय नाही, सवय आहे.

लाइट गेली आणि परत आली की ब्राउझर "रिस्टोअर" म्हणून विचारतंय. पावसाळ्यात हे होणारच. लोक सवयीनं त्यावरचं फुलीचं बटण दाबतात. वाचा की जरा.

इन्कॉग्निटोतलं, म्हणजे हिस्ट्री न ठेवणाऱ्या खासगी विंडोतलं, गेलं ते गेलं, माझ्याकडं येऊ नका.

बंद होऊन बरेच दिवस झाले असतील तर कंट्रोल एच मारून शोधा. क्रोम साधारण ९० दिवसांची हिस्ट्री ठेवतंय. फायरफॉक्स बंद टॅब २५ लक्षात ठेवतंय, पुढचे त्याच्याही हिस्ट्रीत शोधायचे.

मोबाइलवर टॅब बंद केला की खाली दोन-चार सेकंद "अनडू" येतंय. हुकलं तर तीन टिंबांत जाऊन रिसेंट टॅब्स.

आणि टॅब परत आला म्हणजे त्यात टाइप केलेलंपण येईल अशी खात्री नाही, बँकेचं किंवा सरकारी पान असेल तर ते परत लॉगिनच मागणार. मोठा मजकूर असला की मी आधी नोटपॅडमध्ये लिहितो आणि मग पेस्ट करतो, गिऱ्हाईक मागं उभं राहून घाई करत असलं तरी.