क्लिक आणि डाउनलोड मोजायचे तर

वेबसाइटवरचे क्लिक मोजायला प्रत्येक लिंकला वेगळा लिसनर, म्हणजे क्लिक झाला की चालणारा कोड, चिकटवत बसू नका. मी संपूर्ण डॉक्युमेंटवर एकच लावतो आणि क्लिक कुठे पडला ते पाहून जवळचा अँकर टॅग, म्हणजे लिंक बनवणारा एचटीएमएल टॅग, शोधतो. नंतर पानावर आलेल्या लिंकही त्यात आपोआप येतात. माउसचं मधलं बटण दाबून नव्या टॅबमध्ये उघडणारे लोक मात्र यातून निसटतात. त्यांच्यासाठी 'ऑक्सक्लिक' (डावं सोडून इतर बटणांचा क्लिक) हा इव्हेंट ऐका.

क्लिकची नोंद सर्व्हरला पाठवायला ब्राउझरचं 'सेंडबीकन' हे फंक्शन वापरा. जावास्क्रिप्टची साधी 'फेच' विनंती पान बदलताच मध्येच तुटू शकते. बीकन पाठवण्याचं काम ब्राउझर स्वतःकडे घेतो, वापरणाऱ्याला थांबावं लागत नाही.

ईमेलमधल्या लिंकवर जावास्क्रिप्ट चालत नाही, तिथे रीडायरेक्टच हवा, म्हणजे क्लिक आधी तुमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून खऱ्या पानाकडे जातो. तो ३०२ (तात्पुरता) ठेवा. ३०१ (कायमचा) ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढचे क्लिक सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत. पुढे कुठे पाठवायचं तो पत्ता यूआरएलमधून घेण्यापेक्षा तिथे नुसता आयडी द्या आणि खरा पत्ता डेटाबेसमधून काढा. नाहीतर कोणीही तुमच्या डोमेनच्या नावावर फसव्या साइटकडे माणसं पाठवेल.

डाउनलोडचं गणित जास्त चकवतं. बटण दाबलं म्हणजे फाइल पोचली असं नाही. त्यामुळे हा आकडा मी सर्व्हरच्या लॉगमधूनच, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींतूनच काढतो. मोठी पीडीएफ तुकड्यातुकड्यांनी मागवली जाते, त्यामुळे लॉगमध्ये एकाच वाचकाच्या २०६ च्या (फाइलचा तुकडा पाठवला असं सांगणारा कोड) ओळींची रांग लागते. त्यातली शून्याव्या बाइटपासून सुरू होणारीच मोजा. हेड विनंत्या (फाइल न घेता फक्त तिची माहिती विचारणाऱ्या) आणि बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) वगळा. आयपी पत्ता मी साठवत नाही, बेरजेला त्याची गरज नसते.