बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड: तपासणी कशी करून घ्यावी आणि अहवालानंतर काय करावे

दात किडू नयेत म्हणून अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ साली नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली, आणि ते सुरक्षित आहे का यावरचा वाद तिकडे अजूनही चालू आहे. तिथे सध्या शिफारस आहे ती लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची. आपल्या नळयोजनांत फ्लोराइड मिसळत नाहीत. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत ते खडकातूनच पाण्यात उतरते आणि अनेक ठिकाणी त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून तिकडच्या वादावरून मत बनवण्याआधी आपल्या हापशाचा आकडा हाती असायला हवा.

फ्लोराइडला रंग, वास किंवा चव नसते, त्यामुळे पाणी नितळ आणि गोड लागते एवढ्यावर विसंबू नये. ग्रामपंचायतीत नियमित होणारी ओटी चाचणी फक्त क्लोरीन दाखवते आणि जैविक तपासणी जंतू दाखवते. म्हणून जलसुरक्षकाकडे रासायनिक तपासणीची, आणि तीत फ्लोराइडची, स्पष्ट मागणी करावी. नमुना घेण्यापूर्वी पंप काही मिनिटे चालवावा, त्याच पाण्याने बाटली विसळावी आणि मगच ती भरावी. बाटली प्लास्टिकचीच हवी, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते आणि आकडा चुकू शकतो. बाटलीवर स्रोताचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहून ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावी. गावातील फील्ड टेस्ट किटने अंदाज येतो, परंतु स्रोत बंद करण्यासारखा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा. गावातील प्रत्येक बोअर वेगळा तपासावा, कारण शेजारशेजारच्या दोन बोअरमध्येही मोठा फरक आढळतो.

अहवाल वाचताना आयएस १०५०० हे भारतीय मानक समोर ठेवावे. त्यानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह आहे, आणि १.५ ही मर्यादा दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तेव्हासाठी आहे. अनेक जण १.४ आला की निश्चिंत होतात. मला ते पटत नाही, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितो आणि शरीरात जाणारे फ्लोराइड त्याच हिशेबाने वाढते. आठ वर्षांखालील मुलांचे कायमचे दात याच काळात घडत असल्याने जास्तीच्या फ्लोराइडने त्यांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि ते जन्मभर राहतात. प्रमाण बरेच जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास सांधे आणि कणा आखडतो, आणि आखडलेली हाडे पूर्ववत करणारे औषध नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात १.५ पेक्षा अधिक प्रमाणाचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध मध्यम खात्रीने नोंदवला आहे, ०.७ या प्रमाणाबद्दल मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात नव्हता.

आकडा जास्त आल्यास पाणी उकळू नये: उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड मात्र तेवढेच राहते. नुसती तुरटी फिरवूनही भागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मोजून घालावे लागतात. ती मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, म्हणून ते काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. घरासाठी आरओ चालतो. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, फिल्टरही चालतो, मात्र तो काही काळाने भरून जातो आणि पुनर्भारित केला नाही, म्हणजे दाण्यांतले फ्लोराइड काढून ते पुन्हा वापरण्याजोगे केले नाहीत, तर नावापुरता उरतो.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे दुसरा स्रोत. उथळ उघड्या विहिरीत फ्लोराइड बहुधा खोल बोअरपेक्षा कमी असते. तिचेही पाणी तपासावे आणि जंतूंसाठी क्लोरीन टाकावे. सुरक्षित पाणी थोडेच असेल तर ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखावे, बाळाच्या दुधाच्या भुकटीसाठी तर तेच वापरावे; आंघोळीला व धुण्याला बोअरचे पाणी चालते. जास्त फ्लोराइडच्या हापशावर आकडा आणि ‘पिण्यासाठी नाही’ हे शब्द रंगाने ठळक लिहून घ्यावेत. हीच तपासणी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर पुन्हा करावी, आणि फिल्टर बसवला असेल तर त्यातून निघणाऱ्या पाण्याचा नमुनाही सोबत पाठवावा.