मॉड्यूल सापडेना? पायथन शिकताना या चुका टाळा

रविवारी दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन जुळे सोलापूरहून घरी आला. डिप्लोमाला आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकायला घेतलीय. घरचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे, तर एक्सेलमधला स्टॉक वाचून कुठल्या डिझाइनच्या किती चादरी शिल्लक आहेत ते दाखवायचा प्रोग्राम करत होता. आयडिया चांगली, पण पहिल्याच ओळीला लाल अक्षरं. "मामा, चार वेळा इन्स्टॉल केलं पांडास, तरी नो मॉड्यूल नेम्ड पांडास म्हणतंय. विंडोजच नवीन टाकू का?" म्हणलं थांब बे, भाकरी तरी खाऊ दे. (पांडास म्हणजे एक्सेलसारखे तक्ते वाचायचं तयार कोड. असल्या तयार कोडला मॉड्यूल म्हणतात, इन्स्टॉल करतो ते पॅकेज, आणि प्रोग्राममध्ये बोलवायचं म्हणजे इम्पोर्ट.)

तर ही चूक सगळेच करतात, मी पण केलीय. एरर आली की परत इन्स्टॉल, परत एरर, परत इन्स्टॉल. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं टूल, बिचारं दर वेळी सांगत असतं की रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिसफाइड, म्हणजे बाबा सामान आहे आधीच. आणि त्याच ओळीत पुढं कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता पण छापतं, पण तेवढं कोण वाचतंय! आम्ही वाचलं. त्या पत्त्यात पायथन ३११ (म्हणजे ३.११ व्हर्जन) होतं आणि प्रोग्राम चालत होता ३.१३ वर. म्हणजे पार्सल एका घरी पोचलंय आणि पोरगं दुसऱ्या घराच्या दारात उभं राहून आलं नाही म्हणून ओरडतंय.

एका लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असणं आता कॉमन झालंय. एक वेबसाइटवरनं घेतलेलं, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधनं, एक क्लासवाल्यांनी टाकून दिलेलं ॲनाकोंडा (पायथन आणि बरीच पॅकेजं एकत्र मिळतात ते). प्रत्येकाचं सामान ठेवायचं फोल्डर वेगळं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. विंडोजवर किती आहेत ते बघायला टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पीवाय, स्पेस, डॅश शून्य पी टाइप करा (इंग्रजीत हो, इथं मी देवनागरीत लिहितोय म्हणून तसंच टाकू नका), पत्त्यासकट यादी येते. भाच्याकडं तीन निघाले. आणि तुमचा प्रोग्राम नेमका कुठल्यावर चालतोय ते पाहिजे तर कोडमध्येच सिस इम्पोर्ट करून सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा, वाद मिटला.

म्हणून नुसतं पिप इन्स्टॉल लिहायची सवय सोडा. पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल, आणि पुढं पॅकेजचं नाव, असं लिहा. मग ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरी सामान जातं. व्हीएस कोड (कोड लिहायचं एडिटर) वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात कुठलं पायथन निवडलंय ते दिसतं, त्यावर क्लिक करून बदलता येतं. जुपिटरमध्ये (कोड तुकड्या-तुकड्यांत चालवायची वही, एक तुकडा म्हणजे सेल) सेलमध्येच टक्क्याचं चिन्ह लावून पिप इन्स्टॉल केलं की त्याच कर्नलला, म्हणजे ती वही ज्या पायथनवर चालतेय त्याला, मिळतं. आणि हो, तीन बाण (>>>) दिसतात तिथं पिप टाइप करायचं नाही, ते पायथनच्या आतलं, तिथं सिंटॅक्स एररच येणार. एक्झिट करा आधी.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडं कसं, घरात हाक मारायचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच, तसंच पॅकेजचं असतं. इम्पोर्ट करताना सीव्ही२ पण इन्स्टॉल करताना ओपनसीव्ही-पायथन. इम्पोर्ट एसकेलर्न, इन्स्टॉल सायकिट-लर्न. बीएस४ साठी ब्यूटिफुलसूप४, यामलसाठी पायवायएएमएल. पीआयएल लिहायचं पण इन्स्टॉल पिलो करायचं, कारण जुनी पीआयएल बंद पडली आणि पिलो तिच्यातनंच निघाली, नाव तेवढं जुनं ठेवलं. अंदाजानं नाव टाकू नका, जवळपासच्या स्पेलिंगची खोटी पॅकेजं पण लोक टाकून ठेवतात आणि त्यात काय असेल सांगता येत नाही. कॅपिटल-स्मॉल पण बघा, पांडासचा पी मोठा केला तरी सापडणार नाही, विंडोजवर सुद्धा.

आता माझी आवडती चूक. भाच्यानं आधी गड्ड्याच्या जत्रेतल्या खेळासारखा आकडे काढायचा प्रोग्राम केलेला, फाइलचं नाव ठेवलं रँडम डॉट पीवाय. आणि आत इम्पोर्ट रँडम. पायथन मॉड्यूल शोधताना आधी तुमच्या स्क्रिप्टच्याच फोल्डरात बघतं, तिथं रँडम सापडलं, म्हणजे फाइलनं स्वतःलाच बोलवलं! मग रँडइंट (आकडा काढायचं फंक्शन) नाही म्हणून एरर, वर सर्क्युलर इम्पोर्टचा (फिरून स्वतःलाच बोलवण्याचा) संशय, पोराला काहीच कळेना. ३.१३ मध्ये मेसेज सुधारलाय, सरळ सांगतं की तुझ्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या (पायथनसोबतच येणाऱ्या) मॉड्यूलसारखं आहे, बदल. फाइलला रँडम, मॅथ, टाइम, ईमेल, पांडास असली नावं ठेवूच नका. नावात स्पेस आणि डॅश पण नको, नंतर ती फाइल दुसरीकडं इम्पोर्ट करायला गेलात की अडकाल.

एररची शेवटची ओळ नीट वाचा, निम्मं काम तिथंच होतं. मॉड्यूलनॉटफाउंडएरर असेल (ही वेगळी एरर ३.६ पासनं आली) तर मॉड्यूलच सापडलं नाही. कॅनॉट इम्पोर्ट नेम असेल तर मॉड्यूल सापडलंय पण त्यात ते फंक्शन नाही, मग स्पेलिंग, व्हर्जन नाहीतर दोन फाइल एकमेकींना इम्पोर्ट करतायत का ते बघायचं, इन्स्टॉल करून उपयोग नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका प्रोजेक्टपुरतं पायथनच्या सामानाचं वेगळं कपाट) थोडक्यात सांगतो. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं करा, पण नवीन टर्मिनल उघडलं की परत ॲक्टिव्हेट करावं लागतं हे विसरू नका, ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव दिसलं पाहिजे. पॉवरशेल (विंडोजचं एक टर्मिनल) स्क्रिप्ट चालवू देत नसेल तर साध्या सीएमडीत करा. नवीन उबुंटूवर पिपनं एक्स्टर्नली मॅनेज्ड (म्हणजे सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ नको) म्हणून अडवलं तर जबरदस्ती करू नका, तिथं पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच वापरा.

एवढं सगळं झाल्यावर पांडास चाललं आणि लगेच दुसरी एरर, ओपनपायएक्सेल नाही. पांडासला एक्सेल फाइल वाचायला ते वेगळं लागतं. मी काही बोलायच्या आत पोरानं स्वतःच पायथन डॅश एम पिप टाइप केलं, माझ्याकडं बघितलं पण नाही. स्टॉक आला स्क्रीनवर. डबल चादर, लाल, शिल्लक उणे ३. आता ही चूक पायथनची नाही, ती भाऊजींना विचारावी लागंल.