होरोपो आणि मेरेंगे जॅझच्या अंगाने: कीबोर्ड वाजवत गाणाऱ्यांसाठी

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा किंवा भजनी मंडळात पेटीवर बसून गाणारा माणूस धुळे-जळगाव-नंदुरबारकडे गावोगाव सापडतो. त्याला व्हेनेझुएलाचं संगीत परकं वाटण्याचं कारण नाही. तिकडच्या मैदानी गुराखी मुलखाचं, म्हणजे यानोचं, मुख्य गाणं होरोपो. ते सहा मात्रांत चालतं आणि आपली आखाजीची झोक्यावरची गाणीही सहात सहज बसतात. अवघड जातं ते सहा मात्रा दोन तऱ्हांनी एकाच वेळी मोजणं. जॅझचे कॉर्ड त्यानंतरचे. हा क्रम उलटा केला की लग्नातल्या कॉकटेल पार्टीचं संगीत तयार होतं.

व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सियात जन्मलेला पियानोवादक आणि संगीतकार आल्देमारो रोमेरो (१९२८–२००७) याने १९७० च्या आसपास होरोपोत जॅझची हार्मनी आणि ड्रमसेट आणून ‘ओंदा नुएवा’ नावाची शैली उभी केली. त्याच्या कामात शिकण्यासारखी गोष्ट ही, की कॉर्ड कितीही श्रीमंत झाले तरी खालची लय होरोपोचीच राहिली.

सहा मात्रा, दोन हात

मूळ साज तीन वाद्यांचा: आर्पा म्हणजे हार्प, क्वात्रो नावाची चार तारांची छोटी गिटार आणि माराका. पियानोवर गाताना यातली पहिली दोन तुमच्या हातात असतात. डावा हात हार्पचा खर्ज, उजवा हात क्वात्रो.

दादरा तोंडाने म्हणा: धा धी ना, धा ती ना. डाव्या हाताने खर्जाचा सूर पहिल्या ‘धा’वर आणि ‘ती’वर द्यायचा, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेला. उजव्या हाताने कॉर्ड दोन्ही ‘ना’वर, तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेला. कॉर्ड तोडून वाजवायचा, धरून ठेवायचा नाही. क्वात्रोवाला तार छेडून तळव्याने लगेच दाबतो, तो ‘चक्’ आवाज इथे हवा आहे. म्हणून सस्टेन पेडलवरून पाय काढून ठेवा. पेडल दाबला की चक् संपतो आणि पाठोपाठ लयही विरघळते.

सगळ्यांत जास्त चुकते ती पाचवी मात्रा. दादऱ्याची खाली चौथीवर असल्याने डावा हात नकळत तिथेच पडतो आणि होरोपोचा साधा दादरा होतो. ऐकायला वाईट लागत नाही, म्हणून चूक लवकर कळतही नाही. उपाय असा: उजवा हात बंद ठेवा आणि सहा मात्रा दोन-दोनच्या तीन जोड्यांत मोजा, एक-दोन, तीन-चार, पाच-सहा. खर्ज पहिल्या आणि तिसऱ्या जोडीच्या सुरुवातीला, मधली जोडी पूर्ण मोकळी. डावा हात असा बसला की तोंडाने दादरा सुरू करा. आता हात तीन मोजतोय आणि तोंड दोन. होरोपोचा सगळा झगडा तोच आहे.

मेट्रोनोम आधी दर मात्रेला १२० वर लावा. खऱ्या मैफलीत एक आवर्तन जेमतेम सेकंदाभराचं असतं, पण तिथे पोचायची घाई करू नका. कीबोर्डची ऑटो-रिदम मात्र बंदच ठेवा. त्यातला सहा-आठचा ठेका चौथ्या मात्रेवर जोर देतो आणि तुमची मेहनत पाण्यात जाते.

जॅझ म्हटल्यावर मात्रा झुलवण्याचा मोह होतो. इथे तो टाळायचा. सहाही मात्रा सरळ, सारख्या अंतराच्या. ज्यांनी जॅझ आधी शिकलाय त्यांना हे जड जातं, पेटीवाल्यांना अजिबात नाही.

पाहारियोचं चक्र

सुरुवातीला पाहारियो हा प्रकार घ्या. चार आवर्तनांचं मायनर चक्र गाणं संपेपर्यंत फिरत राहतं: डी मायनर, जी मायनर, ए सेव्हन, ए सेव्हन. डी म्हणजे आपली पांढरी दोन. काळी एकमध्ये गाणाऱ्यांनी ट्रान्सपोज एक घर खाली घ्यावा, बोटं तीच राहतील.

चार-पाच दिवस साधे तीन सुरांचे कॉर्डच वाजवा. मग मधल्या सीच्या आसपास उजव्या हाताने हे तीन आकार बसवा, खालून वर:

डी मायनरला एफ, ए, सी, ई.
जी मायनरला एफ, ए, बी फ्लॅट, डी.
ए सेव्हनला एफ, जी, बी फ्लॅट, सी शार्प.

खालचा एफ तिन्हींत जागचा हलत नाही आणि वरचा सूर ई, डी, सी शार्प असा पायरी-पायरीने उतरतो. मूळ सूर यात नाहीच, तो डावा हात देतोय. हात उड्या मारत नाही, म्हणून गळ्याकडे लक्ष देता येतं. क्वात्रोच्या तारा ए, डी, एफ शार्प आणि बी अशा लावतात आणि शेवटची तार खालच्या सप्तकातली असते. चारही मोकळ्या तारा मिळून एका सप्तकापेक्षा कमी जागेत मावतात. म्हणूनच वर-खाली पसरलेले भरघोस पियानो-कॉर्ड इथे शोभत नाहीत.

खर्जाला प्रत्येक आवर्तनात दोन सूर: डी–ए, जी–डी, ए–ई आणि शेवटच्यात ए–सी शार्प. तो सी शार्प पुढच्या डीला ओढून आणतो.

एक खड्डा ठाऊक असू द्या. गाणं बहुतेक वेळ कीरवाणीसारखं चालतं, म्हणजे डीला सा धरून शुद्ध नी. आणि डी मायनरच्या वरच्या आकारात सी आहे, म्हणजे कोमल नी. गळा शुद्ध नीवर थांबला आणि हात कोमल नीवर असला की दोघांची टक्कर स्पष्ट ऐकू येते, साउंडवाला उगाच तुमच्याकडे बघतो. तिथे सी काढून डी घ्या: एफ, ए, डी, ई. आलाप करताना कीरवाणीचे सूर चारही आवर्तनांवर चालतील, पण ए सेव्हनच्या दोन आवर्तनांत ‘सा’वर मुक्काम नको. कोमल ध किंवा शुद्ध नीवर थांबा. सा राखून ठेवलात तर चक्र फिरून आल्यावर त्याला वजन येतं.

गळा

पाहारियो उघडतो तो लांब, उंच, एका दमाच्या हाकेने. तिला लेको म्हणतात. शेताच्या बांधावरून पलीकडच्या बांधावर आवाज द्यावा तसा सूर लागतो: छातीतून, सरळ, हरकतीशिवाय. आपला गळा प्रत्येक सुरावर मुरकी घ्यायला सवकलेला असतो. पहिले आठ दिवस ती पूर्ण बंद ठेवा. नंतर ओळीच्या शेवटी एखादी चालेल.

स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहून घेतले तर काम सोपं होतं, मात्र इंग्रजीच्या सवयीने ट-ड लिहू नका. त आणि द दंत्य आहेत, आपलेच. दोन एल एकत्र आले तर व्हेनेझुएलात साधारण ‘य’, जे म्हणजे ‘ह’, झेड म्हणजे ‘स’, एच मुका. शब्दाच्या शेवटचा स बोलण्यात हलका होऊन नुसता श्वास उरतो. तो ठासून म्हटला की गाणं पाठ्यपुस्तकी लागतं.

अहिराणीत गायचं असेल तर कोप्लाचा, म्हणजे स्पॅनिश लोकगीतातल्या कडव्याचा, साचा घ्या: चार ओळी, प्रत्येकी आठ अक्षरं, जोर सातव्यावर. ओळ जोरकस अक्षरावरच संपत असेल तर सातच अक्षरं आठ धरली जातात. अहिराणीला हा नियम फार सोयीचा आहे, कारण ‘-मा’ने संपणारे शब्द आपल्याकडे भरपूर. ‘पानी उना वावरमा’ ही ओळ उच्चाराप्रमाणे मोजा: पा, नी, उ, ना, वा, वर्, मा. सात, आणि शेवटचं लांब.

आता ती दोन आवर्तनांत मांडू. पहिल्यात पहिली मात्रा मोकळी सोडा. दुसऱ्यावर ‘पा’, तिसऱ्यावर ‘नी’, चौथ्यावर ‘उ’, पाचव्या-सहाव्यावर ‘ना’. दुसऱ्या आवर्तनात ‘वा’ पहिलीवर, ‘वर्’ तिसरीवर, ‘मा’ पाचवीवर, प्रत्येकी दोन मात्रा. पहिलं आवर्तन दादऱ्यासारखं तीन-तीनचं चाललं, दुसरं दोन-दोन-दोनचं, आणि ‘मा’ नेमका डाव्या हाताच्या खर्जावर पडला. ओळ समेवर सुरू केली तर भजन होतं. सम हाताला द्या, गळा मागून येऊ द्या.

हात आणि गळा एकत्र येत नसतील तर ओळ आधी गाऊ नका, नुसती बोला. बोलताना हात थांबत असेल तर हात अजून कच्चा आहे.

पाच मात्रांचं मेरेंगे

व्हेनेझुएलाची राजधानी कॅराकासचं मेरेंगे पाचात. डोमिनिकन मेरेंगेशी नाव सोडून गल्लत करू नका. झपताल येत असेल तर निम्मं काम झालंय: झपताल दोन-तीन-दोन-तीन, मेरेंगे तीन-दोन. झपतालाच्या दुसऱ्या खंडापासून बोल धरा, धी धी ना, ती ना, आणि एवढंच फिरवत राहा. खर्ज पहिल्या आणि चौथ्या मात्रेला, कॉर्ड उरलेल्या तिन्हींवर.

जी मेजरमध्ये हे चार आकार फिरवा. ए मायनर: जी, बी, सी, ई. डी सेव्हन: एफ शार्प, बी, सी, ई. जी मेजर: एफ शार्प, ए, बी, डी. ई सेव्हन: एफ, जी शार्प, बी, डी. खाली जी, एफ शार्प, एफ असं अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जायचं आणि परत जीवर यायचं.

इथला ठरलेला अपघात म्हणजे नकळत सहावी मात्रा जोडली जाणं. ओळीच्या शेवटी श्वास घेताना हे होतं. मेट्रोनोमला पाच मात्रा देऊन घंटा फक्त पहिलीवर ठेवा आणि श्वास पाचवीच्या आत घ्या. हे संगीत पाचात लिहावं, सहात की दोनात, यावर व्हेनेझुएलातच वाद आहेत, कारण मुरलेले वादक पाच मात्रा तंतोतंत सारख्या वाजवत नाहीत. तुम्ही मात्र आधी सारख्याच वाजवा.

माराका आणि मंच

तिसरं वाद्य घरी होतं. यानोतल्या माराकांत कापाचोच्या बिया भरतात, आणि कापाचो म्हणजे आपली कर्दळ. मुठीएवढे दोन वाळलेले भोपळे घ्या, देठाकडून भोक पाडून आतला भुगा पूर्ण काढा, एकात वीसेक आणि दुसऱ्यात बाराएक काळ्या पक्व बिया टाका, लाकडी दांडी बसवून सरसाने पक्कं करा. बिया हिरवट असतील तर आवाज बसका येतो. बिया जास्त झाल्या तर ‘चक्’ऐवजी नुसता ‘फस्स’. वाजवणाऱ्याने सहाही मात्रा भरायच्या, जोर कॉर्डबरोबर.

आपल्याकडचे साउंडवाले खर्ज वाढवूनच ठेवतात. तुमच्या चॅनेलचा ‘लो’ थोडा मागे घ्यायला सांगा, नाहीतर मोकळी ठेवलेली मधली जोडी गुंजेने भरून जाते. मॉनिटरमध्ये स्वतःच्या आवाजापेक्षा डावा हात जास्त मागा. मेच्या उन्हात कीबोर्ड टेम्पोत उघडा ठेवू नका, ४४ अंशांत स्क्रीन काळी पडते. आणि लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर अॅडॉप्टर गुणगुणतो, तेव्हा साइन-वेव्ह इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीचे सेल जवळ ठेवा.